पेटंट कायद्याला व्यापार करारांचा सुरुंग

२४ जुलै २०२५ रोजी भारत व ब्रिटन यांच्यातील व्यापार करारावर सह्या झाल्या, तेव्हा धंदेवाईक वृत्तपत्रांनी स्वस्त होऊ घातलेल्या व्हिस्कीची आणि मोटारींची वर्णने रकानेच्या रकाने छापली. त्याच कराराच्या तेराव्या प्रकरणात, बौद्धिक संपदेच्या मथळ्याखाली, एक वाक्य आहे. त्याची दखल फारच थोड्यांनी घेतली. औषधे लोकांपर्यंत पोचविण्याचा श्रेयस्कर आणि सर्वोत्तम मार्ग म्हणजे कंपन्यांनी स्वेच्छेने दिलेल्या परवान्यांसारखी ऐच्छिक व्यवस्था होय, असा त्या वाक्याचा आशय आहे. ज्या देशाने १९७० साली पेटंटचा कायदा करून औषधांवरील परदेशी मक्तेदारी मोडीत काढली, त्या देशाच्या सरकारने असल्या वाक्याखाली सही करावी, ही गोष्ट व्हिस्कीच्या भावाहून निश्चितच गंभीर आहे.

कराराचे समर्थक लगेच सांगू लागले की, हे केवळ मतप्रदर्शन आहे. सक्तीचा परवाना देण्याचा सरकारचा अधिकार अबाधित आहे. कायद्याचा शब्द पाहिला तर ते खरेही आहे. परंतु ज्या वाक्याने काहीच बदलत नाही ते वाक्य करारात आलेच कशासाठी, याचे उत्तर या विद्वानांपाशी नाही. आंतरराष्ट्रीय करारात शब्दन् शब्द घासून घेतलेला असतो; तेथे शोभेची वाक्ये कोणी घालत नाही. उद्या कर्करोगावरील एखाद्या औषधासाठी सक्तीचा परवाना मागणारा अर्ज दाखल झाला की, कंपनीचा वकील प्रथम हेच वाक्य वाचून दाखवील. तुमच्याच सरकारने जो मार्ग सर्वोत्तम म्हणून लिहून दिला तो सोडून आडवाटेला का जाता, असे तो विचारील, आणि सरकारी वकिलाला उत्तर देणे जड जाईल.

प्रश्न नीट समजून घ्यावयाचा तर थोडे मागे गेले पाहिजे. इंग्रजांनी १९११ साली केलेला पेटंट व डिझाइन कायदा स्वातंत्र्यानंतरही दोन तपे देशाच्या मानगुटीवर बसून होता. न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली आपला अहवाल सादर केला. भारतातील ८० ते ९० टक्के पेटंटे परदेशीयांच्या हाती आहेत आणि त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांचा देशात उत्पादनासाठी उपयोगच केला जात नाही, हे त्यांनी आकडेवारीनिशी दाखवून दिले. पेटंट घ्यावयाचे, येथे कारखाना काढावयाचा नाही, दुसऱ्या कोणाला काढू द्यावयाचा नाही आणि माल बाहेरून आणून मनमानी भावाने विकावयाचा, असा हा सरळ व्यवहार होता. त्याच सुमारास अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीने औषध कंपन्यांच्या नफेखोरीची चौकशी चालविली होती. कित्येक प्रतिजैविकांच्या किमती भारतात जगातील सर्वाधिक किमतींपैकी आहेत, असे त्या समितीलाही नमूद करावे लागले. जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक असलेल्या देशात पेनिसिलीनसारख्या औषधांना हे भाव! साम्राज्यशाही गेली तरी तिचा गल्ला चालू राहिला होता, तो असा.

१९७० च्या कायद्याने हा गल्ला बंद केला. तो कायदा २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. अन्न व औषधे यांच्या बाबतीत पदार्थावर पेटंट मिळणार नाही, केवळ तो तयार करण्याच्या प्रक्रियेवर मिळेल, आणि तेही फार तर पाच किंवा सात वर्षे, अशी त्यात तरतूद होती. एका प्रक्रियेवर पेटंट असेल तर दुसरी प्रक्रिया शोधून तेच औषध बनविण्याची मोकळीक देशातील रसायनशास्त्रज्ञांना मिळाली. त्यांनी ती वापरली. पण एवढ्याने भागले असते असे समजणे चूक ठरेल. कायद्यामागे सार्वजनिक क्षेत्राचा पाया होता. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली होती. सोव्हिएत युनियनच्या मदतीने १९६१ साली आयडीपीएल उभी राहिली. तिचे हृषीकेश व हैदराबाद येथील कारखाने पुढे एका संपूर्ण पिढीची कार्यशाळा बनले. खाजगी औषध कंपन्यांनी नंतर जे तंत्रज्ञ नेमले त्यांतील किती जण या कारखान्यांत तयार झाले होते, याचा हिशेब कोणी भांडवलदार सहसा सांगत नाही. सार्वजनिक क्षेत्रातून नवे काही निघत नाही म्हणणाऱ्यांना एवढेच स्मरण द्यावे की, हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक पिंपरीच्याच प्रयोगशाळेत सापडले.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे अस्थानी होणार नाही. ‘पेटंट’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘उघडे’ असा आहे. राजाने मोहोर करून दिलेले, सर्वांनी वाचावे असे उघडे पत्र, त्यावरून हे नाव पडले. शोध उघड करावयाचा आणि त्या मोबदल्यात मर्यादित काळापुरता एकाधिकार मिळवावयाचा, असा तो सौदा होता. आपल्या परिभाषाकारांनी त्याला ‘एकस्व’ हा प्रतिशब्द दिला. त्यातला उघडेपणा गळाला आणि एकट्याचे स्वामित्व तेवढे उरले! भाषांतर म्हणून ते सदोष असेलही. आजच्या व्यवहाराचे वर्णन म्हणून मात्र ते मूळ शब्दाहून चोख आहे.

१५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश येथे भारत सरकारने जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही केली आणि त्याबरोबर ‘ट्रिप्स’चे जोखड स्वीकारले. औषध पदार्थांवर २० वर्षांचे पेटंट १ जानेवारी २००५ पासून द्यावे लागणार होते. २६ डिसेंबर २००४ रोजी सरकारने वटहुकूम काढला. संसदेत तो कायद्याच्या रूपाने आला तेव्हा डाव्या पक्षांच्या पाठिंब्याविना सरकारला पुढे जाता येत नव्हते. त्या बळावर मार्च २००५ मध्ये जे बदल करून घेण्यात आले, त्यांत कलम ३(डी) मधील दुरुस्ती आणि पेटंट देण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला हरकत घेण्याचा हक्क या दोन गोष्टी मोलाच्या ठरल्या. पेटंट केवळ नव्या रासायनिक रेणूलाच द्यावे ही मागणी मात्र त्या वेळी पदरात पडली नाही. ती माशेलकर समितीकडे सोपविण्यात आली. अशी मर्यादा ट्रिप्सशी सुसंगत होणार नाही, असा निर्वाळा समितीने दिला. पुढे अहवालातील काही मजकूर दुसऱ्याच्या निबंधातून जसाच्या तसा उतरलेला आढळला आणि २००७ साली अहवाल मागे घ्यावा लागला. सुधारलेला अहवाल २००९ मध्ये आला, निष्कर्ष तोच घेऊन. बौद्धिक संपदेच्या रक्षणार्थ नेमलेल्या तज्ज्ञांकडूनच हे घडावे, यावर अधिक भाष्याची गरज नाही.

कलम ३(डी) काय सांगते? ज्ञात असलेल्या पदार्थाचे नुसते नवे रूप, नवा क्षार, नवा स्फटिक हा शोध नव्हे. त्यामुळे औषधाची परिणामकारकता लक्षणीय रीतीने वाढली असेल तरच त्याला पेटंट मिळेल. कंपन्यांची जुनी युक्ती या कलमाने हाणून पाडली. पहिल्या पेटंटाची मुदत संपत आली की त्याच औषधाचा क्षार बदलावयाचा, गोळीचे वेष्टन बदलावयाचे, त्यावर पुन्हा २० वर्षे मागावयाची. इंग्रजीत या प्रकाराला ‘सदाहरित’ करणे असे गोड नाव आहे. हिरवेगार राहते ते पेटंट. रोग्याच्या घरातले दागिने, जमीन आणि भांडीकुंडी मात्र वाळत जातात.

नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेक प्रकरणात या कलमाची कसोटी लागली. इमॅटिनिब हे रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील औषध. मूळ रेणू १९९३ च्या पेटंटातून जगजाहीर झालेला होता. कंपनीने १९९८ साली चेन्नईत अर्ज केला तो त्याच्या मेसिलेट क्षाराच्या ‘बीटा’ स्फटिकासाठी. अर्ज निकालात निघण्यापूर्वीच २००३ साली कंपनीला विक्रीचा एकाधिकार देण्यात आला आणि न्यायालयाच्या आदेशाने काही देशी कंपन्यांना उत्पादन थांबवावे लागले. देशी औषध महिन्याला ८ ते १० हजार रुपयांत मिळत होते. ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च होता सुमारे १ लाख २० हजार. हे औषध आयुष्यभर, रोज घ्यावयाचे असते. एखाद्या गिरणी कामगाराने किंवा शाळामास्तराने हा आकडा आपल्या पगारपत्रकाशेजारी ठेवून पाहावा. मुंबईतील कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेने आणि देशी उत्पादकांनी अर्जाला हरकत घेतली. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनी कलमालाच घटनाबाह्य ठरवू पाहत मद्रास उच्च न्यायालयात गेली. तेथे ऑगस्ट २००७ मध्ये हरली. अखेर १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या सर्वोच्च न्यायालयीन खंडपीठाने तिचे अपील फेटाळून लावले. नवा स्फटिक अधिक चांगला वाहतो, अधिक टिकतो, ओलावा कमी शोषतो, हे सारे मान्य; पण त्याने रोगी अधिक बरा होतो काय, एवढाच प्रश्न न्यायालयाने विचारला. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची शक्ती, हा साधा अर्थ कंपनीच्या नामवंत वकिलांना मानवला नाही.

निकाल लागताच आता भारतात संशोधन होणार नाही, नवी औषधे येणार नाहीत, असा कांगावा सुरू झाला. या युक्तिवादाला थोडे थांबून उत्तर दिले पाहिजे, कारण तो आपल्यातील सुशिक्षित मित्रांनाही पटतो. संशोधनाला पैसा लागतो हे कोणीही नाकारत नाही. तो पैसा कोणाचा, हा प्रश्न आहे. ज्या गुणसूत्रातील बिघाडामुळे ग्लिव्हेकचा रोग होतो तो बिघाड १९६० साली फिलाडेल्फियात दोन संशोधकांनी पाहिला. १९७३ साली शिकागो विद्यापीठात जॅनेट राउली यांनी त्याचे स्वरूप उलगडले. औषध माणसांवर चालते हे सिद्ध करण्यासाठी ऑरेगनमधील ब्रायन ड्रकर या डॉक्टरला कंपनीच्याच मागे लागावे लागले होते. चाळीस वर्षांचे हे ज्ञान विद्यापीठांत, रुग्णालयांत, मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक पैशातून साठले. कंपनीने शेवटचा मजला चढविला आणि सबंध इमारतीवर आपले नाव कोरले. याउलट उदाहरणही आहे. इन्सुलिनच्या शोधकांनी १९२३ साली आपले हक्क टोरोंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. संशोधनाची प्रेरणा केवळ नफ्यातूनच येते हा सिद्धांत त्यांच्या कानावर गेला नसावा.

लढा तेथे संपला नाही. मेरुदंडाच्या स्नायुक्षयावरील रिसडिप्लाम या औषधावर रोश कंपनीने असाच हक्क सांगितला. ज्या रेणूंच्या गटावर आधीचे पेटंट होते त्यातलाच एक रेणू निवडून दुसरे पेटंट, अशी ही मांडणी होती. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये देशी उत्पादकाला मनाई करण्यास नकार दिला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. सहा लाखांच्या घरातील बाटलीच्या जागी १५,९०० रुपयांची बाटली बाजारात आली.

आता करारातील त्या ‘सर्वोत्तम मार्गा’कडे वळू. स्वेच्छेचा परवाना म्हणजे काय, हे हेपॅटायटिस-सीवरील सोफोसबुव्हिरच्या उदाहरणावरून कळते. अमेरिकेत या औषधाच्या एका गोळीची किंमत १,००० डॉलर, बारा आठवड्यांच्या उपचाराची ८४,००० डॉलर ठेवण्यात आली होती. गिलियड कंपनीने सप्टेंबर २०१४ मध्ये सात भारतीय कंपन्यांशी परवान्याचे करार केले. औषध कोणत्या देशांत विकावयाचे याची यादी अर्थातच गिलियडने ठरविली. ब्राझील, चीन, थायलंड हे देश त्या यादीत प्रारंभी नव्हते. मलेशियाही नव्हता, २०१७ साली तेथील सरकारने सक्तीने परवानगी देण्याचे पाऊल उचलले तेव्हा त्याला यादीत जागा मिळाली. ‘स्वेच्छा’ जागी होते ती केव्हा, याचा हा धडा आहे. सक्तीचा अधिकार दाराआड उभा असेल तोवरच स्वेच्छा सुचते. तो अधिकार आपण होऊन म्यान केल्यावर कोणती कंपनी कोणासाठी भाव उतरविणार?

आपल्याकडे तो अधिकार किती वेळा वापरला गेला? औषधासाठी एकदाच. बायर कंपनीच्या नेक्सावार या यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषधाचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये होता. गरजू रोग्यांपैकी जेमतेम २ टक्क्यांपर्यंत ते पोचत होते. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला परवाना दिला. किंमत ठरली ८,८८० रुपये. बायरला स्वामित्वधन ६ टक्के, अपिलात ७ टक्के. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये हा निर्णय उचलून धरला. आकाश कोसळले नाही. बायरही देश सोडून गेली नाही. पण त्यानंतर डासाटिनिब व सॅक्साग्लिप्टिन या औषधांसाठी आलेले अर्ज २०१३ आणि २०१६ साली फेटाळले गेले. कायद्यात कलम ८४ आहे, आणीबाणीसाठी ९२ आहे, सरकारने स्वतः वापर करावा म्हणून १०० आहे. आणि वॉशिंग्टनचे व्यापार खाते दरवर्षी आपल्या ‘विशेष ३०१’ अहवालात भारताला धाकाच्या यादीत ठेवते. यांपैकी कशाचा प्रभाव दिल्लीवर अधिक पडला, हे उघड आहे.

कोविडच्या साथीत तर या दुटप्पीपणाने कळस गाठला. २ ऑक्टोबर २०२० रोजी भारत व दक्षिण आफ्रिका यांनी जिनिव्हात ठराव मांडला की, साथ आहे तोवर लस व औषधांवरील बौद्धिक संपदेचे हक्क स्थगित करावेत. ठराव योग्यच होता. पण मे २०२१ मध्ये, प्राणवायूसाठी माणसे रुग्णालयांच्या दारांत तडफडत असताना, देशातील कायद्याने हाती दिलेले अधिकार का वापरत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने विचारले, तेव्हा केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्र दिले की, असे करणे उलट हानिकारक ठरेल. जिनिव्हात जी गोष्ट मानवतेची होती ती दिल्लीत हानिकारक झाली! अशा मागणीदारावर श्रीमंत राष्ट्रांनी विश्वास कशासाठी ठेवावा? जून २०२२ मध्ये जो तुटपुंजा निर्णय पदरात पडला त्यात नवल नव्हते.

ब्रिटनच्या करारापूर्वी वर्षभर आधी दुसरा घाव पडून गेला होता. १० मार्च २०२४ रोजी स्वित्झर्लंड, नॉर्वे आदी चार देशांच्या ‘एफ्टा’ गटाशी करार झाला; १५ मार्चला पेटंटचे सुधारित नियम राजपत्रात आले. पेटंटाचा देशात वापर होतो की नाही याचा तपशील पेटंटधारकाने दरवर्षी देण्याऐवजी तीन वर्षांतून एकदा द्यावा, असे ठरले. हा तपशीलच नसेल तर सक्तीचा परवाना मागणारा पुरावा कोठून आणणार? पेटंटपूर्व हरकतीलाही शुल्क लागले, आणि हरकत ऐकण्याजोगी आहे काय हे नियंत्रकाने आधी ठरवावयाचे, अशी चाळणी बसली. या दोन्ही विषयांचा उल्लेख एफ्टा कराराच्या बौद्धिक संपदेच्या परिशिष्टात आढळतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

हा हरकतीचा हक्क कोण वापरते? औषधप्रतिकारी क्षयावरील बेडाक्विलिनचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत होते. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला त्याच्या फ्यूमरेट क्षारावर २०२७ पर्यंत मुदत हवी होती. हरकत घेणाऱ्यांत दोन तरुणी होत्या, एक मुंबईची व एक दक्षिण आफ्रिकेची. दोघीही क्षयातून वाचलेल्या. जुन्या विषारी औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती हिरावून घेतलेली. २३ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज नाकारला. अशा माणसांसमोर आता शुल्काची खिडकी आणि चाळणी उभी करण्यात आली आहे.

काही कॉम्रेड विचारतात की, हे परदेशी भांडवल आणि देशी भांडवल यांच्यातील भांडण आहे. त्यात कामगार वर्गाने कशाला पडावे? शंका प्रामाणिक आहे. देशी औषध कंपन्या जनतेच्या कैवारी नाहीत, हे त्यांनीच वारंवार दाखवून दिले. रॅनबॅक्सीचे मालक २००८ साली कंपनी जपानच्या दाइची सांक्योला विकून मोकळे झाले. गिलियडच्या परवान्यासाठी रांग लावणारेही हेच. ज्या सिप्लाने फेब्रुवारी २००१ मध्ये एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा उपचार, दहा ते पंधरा हजार डॉलर भाव चालू असताना, ३५० डॉलरना देऊ करून जगाला थक्क केले, तीही पुढे गिलियडच्या त्या सातांत होती. पण यावरून निघणारा निष्कर्ष अलिप्ततेचा नाही. आफ्रिकेतील लक्षावधी रोगी त्या ३५० डॉलरच्या भावामुळे जगले, आणि तो भाव १९७० च्या कायद्यामुळे शक्य झाला. देशी मालक उद्या समझोता करतील म्हणूनच हा कायदा राखण्याचे काम त्यांच्यावर सोपवून चालणार नाही. आणि कायदा राखूनही उत्पादन कोणी करावयाचे, हा प्रश्न उरतोच. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयडीपीएल बंद करण्याचा व पिंपरीचा कारखाना विकण्याचा निर्णय घेतला. कलम १०० खाली सरकारला उद्या स्वतः औषध बनवावयाचे झाले तर कोणत्या कारखान्यात बनविणार? कच्च्या औषधी द्रव्यांच्या आयातीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग आज एकट्या चीनमधून येतो.

मागणी म्हणून तीन-चार गोष्टी ताबडतोब लावून धरता येतील. २०२४ च्या नियमांतील हरकतीचे शुल्क व चाळणी रद्द झाली पाहिजे आणि वापराचा तपशील पुन्हा दरवर्षी मागविला पाहिजे. बंद पडलेले सार्वजनिक औषध कारखाने जमिनीच्या भावाने विकण्याऐवजी चालू केले पाहिजेत. कामगार राज्य विमा रुग्णालयांत कोणती पेटंटबद्ध औषधे कोणत्या भावाने घेतली जातात, याची माहिती कामगार संघटनांनी ठिकठिकाणी मागवावी. कलम ८४ खालील अर्जाला लागणारा पुरावा अशाच आकड्यांतून उभा राहतो. शिवाय करार संसदेपुढे ठेवण्याचा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यान्वये कोणताही असा करार मान्यतेपूर्वी पार्लमेंटपुढे ठेवावा लागतो. भारतात सरकार सही करून मोकळे होते, जसे ते १९९४ साली माराकेश येथे झाले, आणि लोकसभेच्या सभासदाला कराराचा मजकूर इतर नागरिकांप्रमाणेच सहीनंतर वाचावयास मिळतो.